कोणत्या कानात

बाळाचे कान घरात ज्याने त्याने आपापल्या हत्याराने तपासून पाहिले होते. धनंजयरावांनी अंगणात मोटारसायकल उभी करून हॉर्न दाबला होता. सचिनने उशाशी मोबाइलची घंटी वाजवली होती. आणि छायाबाईंनी, ज्यांचा यंत्रावर कधीच भरवसा नव्हता, स्टीलची थाळी आणि पोळ्या उलटायचा सराटा घेतला होता. हॉर्नला नात झोपून राहिली. मोबाइलला तिने एकदा डोळे उघडले आणि एकदा उघडले नाहीत. थाळीला मात्र ती हमखास दचकायची, हातपाय ताणून, ओठ काढून. म्हणून घराने आजोबांचा आणि बापाचा निकाल बाजूला ठेवला आणि आजीचा मान्य केला.

बारशाच्या सकाळीही छायाबाईंनी थाळी वाजवली. दिवाणाच्या कडेला ती टेकवली, सराट्याने एक ठोका दिला, आणि दिवाणावरची पोर दचकून रडायला लागली.

"पाह्य," त्या सुनेला म्हणाल्या. "आता अजून काय पायजे तुले?"

सुरभी न्हाऊन केस पुसत होती. तिने टॉवेल खांद्यावर टाकला आणि मुलीला उचललं. "आई, झोपेतून कायले उठवता तिले?"

"तुह्या जिवाले शांतता म्हणून."

शांतता कसली. सुरभीच्या डोक्यात सव्वा महिन्यापासून एकच चरक फिरत होता. बाळंतपण माहेरी, आर्वीला झालं. तिथे मशीन लावलं तेव्हा दोन्ही कानांचं उत्तर आलं नाही. कानात जन्माच्या वेळचं पाणी असेल, काळजी करू नका, पुन्हा बघू, असं सांगितलं. मग इकडे सासरी बोरगावला आल्यावर सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे उजवा कान पास झाला, डावा नाही. तिथली डॉक्टरीण सुरभीच्याच वयाची होती आणि शब्द निवडून बोलत होती. डाव्या कानाला ऐकू येत नाही असं मी म्हणत नाही, येतं असंही म्हणत नाही, बेरा टेस्ट करू म्हणजे कळेल, असं ती म्हणाली. डोक्याला बारीक वायरी लावायच्या, बाळ गाढ झोपलेलं हवं, म्हणून आदल्या रात्री त्याला जागवून आणायचं. नाहीच झोपलं तर झोपेचं औषध. तारीख सोमवारची दिली होती.

ऐकू येत नाही असं कुणी ठणकावून सांगितलं असतं तर सुरभी एकदा पोटभर रडून मोकळी झाली असती. येतं असं सांगितलं असतं तर पेढे वाटले असते. हे मधलं काय करायचं, ते तिला समजत नव्हतं. दूध पाजताना ती मुलीला उजव्या कुशीवर घ्यायची, डावा कान वर ठेवायची आणि हळूच चुटकी वाजवायची. मुलगी दूध पीत राहायची. मग तिला वाटायचं, भुकेलेल्या लेकराला चुटकीशी काय देणंघेणं. आणि मग वाटायचं, की मी स्वतःलाच फसवते आहे.

"सोमवारी जायचंच आहे, आई," ती म्हणाली.

"जाऊ नको कोण म्हणते? पुढच्या महिन्यात जाजो. एवढ्याश्या लेकराले गुंगीचं औषध पाजाचं म्हणजे काय खेळ आहे? आन् आज बारशात कोणाजवळ काई बोलू नको. लोकायच्या तोंडाले झाकण नसते. पोट्टीच्या जातीले एकदा नाव लागलं का लागलं."

त्या वाईट बाई नव्हत्या. नातीचं नाव खराब होऊ नये एवढंच त्यांना हवं होतं, आणि त्यासाठी नातीचा कान दुसऱ्या नंबरवर गेला तरी त्यांना चालत होतं.

---

आकांक्षा हिंगणघाटहून पहिल्या एसटीने आली. सचिनची ही धाकटी बहीण, म्हणजे आजची मानकरी. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं. लग्नाच्या वेळी मानपानावरून हिचं आणि सुरभीचं जे बिनसलं होतं ते तीन दिवाळ्या पुरलं. पण सावंगीहून परतताना सुरभीने पहिला फोन कुणाला केला असेल, तर तिला. का केला ते दोघींनाही कळलं नव्हतं.

मागच्या खोलीत दार लोटून दोघी बसल्या. मुलगी आकांक्षाच्या मांडीवर होती.

"दादा काय म्हणते?" आकांक्षाने विचारलं.

"सकाळी मशीन खरं म्हणते, संध्याकाळी थाळी. सोमवारी ट्रॅक्टरच्या शोरूमवर माणूस नाई म्हणे. ट्रॅक्टर आता विकाले आले आणि पोरगी काय, घरातच आहे."

"असं म्हटलं त्यानं?"

"असं नाई म्हटलं. 'पाहू' म्हटलं."

आकांक्षाला भावाचं 'पाहू' लहानपणापासून माहीत होतं. त्याचा पतंगही 'पाहू' म्हणत माळ्यावर पडून होता. तिने भाचीच्या डाव्या कानावरून बोट फिरवलं. कान इतका नीट होता, पाळीवर बारीक लव, की त्यात काही कमी असेल हे तिला पटेना.

"वहिनी, त्या डॉक्टरनं अजून काई विचारलं?"

"घराण्यात कोणाले लहानपणापासून कमी ऐकू येत होतं का, म्हणून विचारलं. मी आईंकडं पाह्यलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडं कोणी नाई."

आकांक्षा काहीतरी बोलणार होती. लहानपणी गावच्या घरी ओसरीच्या टोकाला बसणारा, तिला बोरं देणारा एक म्हातारा तिला पुसट आठवत होता. त्याला सगळे तानबाबा म्हणायचे आणि त्याच्याशी हात हलवून बोलायचे. पण तो म्हातारा होता म्हणून तसं बोलायचे की आणखी कशामुळे, हे तिला आता सांगता आलं नसतं. तो गेला तेव्हा ती चार वर्षांची होती. तिने भाचीचं दुपटं सारखं केलं.

---

पुढच्या पडवीत खाटेवर रूपराव बसले होते. धनंजयरावांचे वडील, घरातले सगळ्यांचे आबाजी. गावचं घर बंद करून त्यांना इथे आणल्याला दोन पावसाळे झाले होते आणि ते अजूनही पाहुण्यासारखेच राहत. घरातल्या बातम्या त्यांच्यापर्यंत सगळ्यांचं जेवण झाल्यावर यायच्या. पणतीच्या कानाची बातमी तर आलीच नव्हती. आत रोज थाळी वाजते एवढं त्यांना ऐकू येत होतं. त्यांना वाटायचं, लेकराला खेळवत असतील.

पण थाळीचा तो ठोका त्यांना आवडत नव्हता. तो वाजला की छातीत काहीतरी खाली बसायचं, आणि कशामुळे ते त्यांना उमजत नव्हतं.

---

दुपारी बायका जमल्या. सुरभीची आई आर्वीहून लोखंडी पाळणा आणि अंगडं-टोपडं घेऊन आली होती आणि लेकीच्या सासरी फार बोलायचं नाही म्हणून भिंतीशी बसून होती. पाळण्याला झेंडूच्या माळा आणि फुगे लावले होते. स्वयंपाकघरात घुगऱ्या शिजत होत्या. पुरुष पडवीत, बायका आत, असं आपोआप झालं. समोरच्या घरातल्या ज्योत्स्नाकाकूंचा गळा चांगला, त्यांनी पाळणा म्हटला. मुलीला पाळण्याच्या वरून खालून दिलं-घेतलं. मग आत्याला पुढे केलं. तिच्या पाठीत धपाटे घालायला चार हात तयार होते.

आकांक्षा वाकली. नाव तिनेच काढलेलं होतं, रेवती. ते ओठांवर घेऊन तिने पाळण्यात डोकं घातलं आणि ती तिथेच थांबली. डाव्या कानात सांगितलं आणि तो कान बंदच असला तर? नाव कुठे गेलं म्हणायचं? आणि उजव्यात सांगितलं तर आपणच डाव्याला नाही म्हटल्यासारखं होईल. एसटीत हे कसं सुचलं नाही कुणास ठाऊक. तिने मान वर केली. तिचा आवाज मुळातच मोठा, आणि ज्योत्स्नाकाकू नेमक्या श्वास घ्यायला थांबल्या होत्या.

"वहिनी, कोणत्या कानात सांगू?"

पाठीवरचे हात थांबले.

"कोणत्या म्हणजे?" ज्योत्स्नाकाकूंनी विचारलं. "कान कान सारखेच असते नं, बाई."

छायाबाईंनी लेकीकडे असं पाहिलं की आकांक्षा पुन्हा दहा वर्षांची झाली. त्या काही बोलणार तोच सुरभी बोलून गेली. तिला हे असं बोलायचं नव्हतं, पण लपवायचंही तिच्यात उरलं नव्हतं.

"तिचा डावा कान पास नाई झाला, काकू. मशीनमध्ये. ऐकू येते का नाई ते पक्कं माहीत नाई आम्हाले."

बायका चुकचुकल्या. ते ऐकताच छायाबाई उठल्या. आतून थाळी आणि सराटा घेऊन आल्या. "काई नाई झालं माह्या नातीले. पाहा तुम्हीच." त्यांनी थाळी पाळण्याच्या लोखंडी दांडीला टेकवली आणि ठोका दिला.

मुलगी दचकली. दोन्ही मुठी वर गेल्या.

"अग माय, चांगली दचकली की," ज्योत्स्नाकाकू म्हणाल्या, आणि सगळ्या जणी एकदम हसल्या. सचिन दारात आला होता, तोही हसला. सुरभीलाही क्षणभर हसू आलं. इतकं सोपं असतं तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"सूनबाई."

सचिनच्या मागे आबाजी उभे होते. बायकांच्या बारशात ते कधी आत येत नसत. त्यांचा हात चौकटीवर होता.

"थाळी पाळण्याले टेकवू नको. दूर जाऊन हातात धर, आन् मंग वाजव."

"काऊन, मामाजी?"

"वाजव तं खरं."

सासऱ्याच्या शब्दाबाहेर जायची छायाबाईंना सवय नव्हती. त्या दोन पावलं मागे सरल्या, थाळी अधांतरी धरली आणि वाजवली. मुलीने जांभई दिली. त्यांनी जोरात वाजवली. मुलीने पापण्या हलवल्या, की हलवल्या नाहीत, यावर पाळण्याशी बसलेल्या दोघी बायकांचं लगेच दुमत झालं. तिसऱ्यांदा वाजवली तेव्हा मुलगी रडायला लागली, पण ती तिची दुधाचीही वेळ होती.

"मंग आता काय समजाचं?" छायाबाईंनी विचारलं. त्या खरोखरच विचारत होत्या. थाळी त्यांच्या हातात लोंबत होती.

सुरभी पाळण्यावर वाकली. उजवा कान तर पास आहे, मग दोनदा काहीच कसं नाही? म्हणजे उजवाही? की झोप आली होती? की रोज ऐकून ऐकून कंटाळली? तिने मुलीला उचलून छातीशी धरलं. तिला कुणावर रागवावं तेही सुचेना.

"काईच समजाचं नाई," आबाजी म्हणाले. "थाळीनं काई समजत नाई. तानबा बी वळे."

छायाबाईंनी मान खाली घातली.

"कोण तानबा?" सुरभीने विचारलं.

"माहा मोठा भाऊ." आबाजी आत येऊन दाराजवळच्या स्टुलावर बसले. "त्याले ऐकू नाई ये. पण माही माय, शकुबाई, त्याले पायानं बलावे. शेणानं सारवलेली जमीन, तिच्यावर टाच आपटे, का तो वळून पाहे. तवा-पराती चुलीपाशी आपटल्या तरी वळे. त्याच्या पायाले समजे. लोक म्हणत, याले ऐकू येते, सोंग करून राह्यला. मास्तरबी तेच म्हणे. पट्टी आपटली का हा वळे, आन् नाव घेतलं का वळे नाई. मस्ती करते म्हणून मास्तरानं त्याले वर्गासमोर लई मारलं. रोज मारे. मी बाजूच्या चटईवर बसून पाहो. मले सांगता येत होतं का याले ऐकू येत नाई म्हणून. पण मी भेलो, सांगतलं नाई. मंग त्याची शाळा सुटली ते सुटली."

घुगऱ्यांचा वास घरभर पसरला होता. सुरभीची आई भिंतीपाशी डोळे पुसत होती.

"आई," सुरभी सासूला म्हणाली, "तुम्ही तं डॉक्टरले म्हणाल्या, घरी कोणी नाई."

"तापानं गेलते त्याचे कान," छायाबाई म्हणाल्या. "मी लग्न होऊन आली तवा सासूबाईनं सांगतलं मले. लहानपणी ताप आलता, त्यात गेले. ताप काय खानदानात येते का? म्हणून नाई म्हटलं मी." त्यांचा आवाज बारीक झाला. "बारा वर्षं त्यायचं ताट मीच वाढलं. मी कायले लपवीन त्यायले?"

हे खरं होतं, आणि पूर्ण खरं नव्हतं. सावंगीला डॉक्टरने विचारलं तेव्हा तानबाबांचं ताट त्यांच्या डोळ्यांपुढे आलं होतं, आणि त्यांनी ते मनातल्या मनात बाजूला सारलं होतं.

"आबाजी," सुरभीने विचारलं, "तापानं गेले का जन्मापासूनच?"

सगळ्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. आता तरी काहीतरी नक्की कळणार असं प्रत्येकाला वाटलं.

"मले काय माहीत, पोरी," आबाजी म्हणाले. "मी त्याच्या मागून झालो. मले समजाले लागलं तवा तो तसाच होता. माय कधी ताप म्हणे, कधी नशीब म्हणे. तिलेबी माहीत होतं का नाई, देव जाणे."

सचिन अजून दारातच होता. त्याच्या डोळ्यांसमोर मुलीची शाळा आली. रोज सोडायला जायचं, आणि आत कुणीतरी पट्टी आपटतं आहे, पोरगी वळते आहे, आणि तरी मार खाते आहे. आणि बाप म्हणतो आहे, पाहू. त्याला स्वतःची लाज वाटली. ती त्याने लपवली नाही, डोळे भरून आले तसे भरू दिले.

"सुरभी," तो म्हणाला, "सोमवारी मी येतो. शोरूमचं शोरूमवाले पाहतीन."

"औषध द्या लागलं तं?" तिने विचारलं. ती त्याला ओळखून होती.

"तं देऊ. डॉक्टरले विचारून देऊ. मी घेईन तिले मांडीवर."

ज्योत्स्नाकाकूंना आता पाळणा पुढे म्हणावा की नाही ते कळेना. आकांक्षा अजून पाळण्याशी उभी होती, अपराधी चेहऱ्याने. "वहिनी, नाव राह्यलं," ती हळू म्हणाली. "डाव्यातच सांगतो. आपण काऊन त्याले आधीच नाई म्हणाचं?"

सुरभीने मुलीला पाळण्यात ठेवलं, टोपडं सारखं केलं. सकाळपासून तिलाही डावाच म्हणायचा होता. हट्टाने, सगळ्यांसमोर. आता तिने तो हट्ट सोडला.

"उजव्यात सांगा, ताई. जो पास झाला त्यात. नाव तरी तिले पक्कं पोहोचू द्या. डाव्याचं सोमवारी पाहू."

आकांक्षा वाकली आणि नेहमीच्या मोठ्या आवाजाला शक्य तितकं लहान करून तिने भाचीला तिचं नाव सांगितलं. पाठीत धपाटे पडले, जरा हळूच पडले. मुलगी दचकली नाही, वळलीही नाही. तिने आत्याचा डूल मुठीत पकडला आणि सोडायला तयार होईना, तेव्हा बायका पुन्हा हसल्या.

स्वयंपाकघरात छायाबाई एकट्याच होत्या. सुरभी पाणी प्यायला आत आली तेव्हा त्या तीच थाळी धुऊन पुसत होत्या. पुसून झाल्यावर त्यांनी तिच्यात घुगऱ्या काढल्या, वर खोबऱ्याचा कीस भुरभुरला. सुरभी पेला ठेवून निघाली तशा त्या पाठमोऱ्याच बोलल्या.

"रविवारी रातभर जागवा लागते नं तिले?"

"हो."

"माह्याजवळ देजो. तू झोपजो. ओली बाळंतीण तू, तुह्याच्यानं होणार नाई. मी घेऊन फिरतो तिले अंगणात."

सुरभीने नुसती मान हलवली, मग सासूला ती दिसली नसेल म्हणून "बरं" म्हणाली.

"आन् मीबी येतो सावंगीले." छायाबाईंनी थाळी उचलली. "त्या डॉक्टरीणले तानबाबाचं सांगा लागन. ताप का जन्मापासून ते माहीत नाई म्हणून सांगाचं, पण होता म्हणून सांगाचं. नाई मीच म्हटलं होतं, तं आता हो बी मीच म्हणतो."

मग त्या बाहेर गेल्या आणि घुगऱ्यांची पहिली मूठ त्यांनी स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या ओंजळीत टाकली.